वळणावरची खडूची रेघ

या, मित्रांनो, आत या. पायरी जपून, वरची फुटलीय. भिंतीला मात्र टेकू नका, का ते शेवटी सांगतो. इथं उजेड आहे तेवढ्यात बसा. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. माझीच आहे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी आहे. ऐकताना अंगावर काटा आला तर येऊ द्या. काट्याचं काय, येतो आणि जातो. माझं तर सगळं अंग सिमेंटचं, तरी मला अजून येतो.

मी एक जुना बोगदा आहे. तोंडावरच्या पाटीवर 'पादचारी भुयारी मार्ग' असं मोठ्या थाटात लिहिलंय, पण त्या नावानं मला आजवर कोणी हाक मारली नाही. माझ्या डोक्यावरून हमरस्ता जातो. अलीकडे माणसांच्या खोल्या, पलीकडे मोठा दवाखाना. घर एकीकडे आणि पोटापाण्याचं काम दुसरीकडे, मधे हा रस्ता. रोज हजारो पाय इकडून तिकडे जाणार, म्हणून मला खणला.

खणताना एक गंमत झाली. सरळ रेषेत खणत आले आणि मधोमध पाण्याचा एक जाडजूड नळ निघाला. इंजिनियर लोकांनी डोकी खाजवली, नकाशा उलटा धरून बघितला, आणि शेवटी मला त्या नळाला वळसा घालून पुढं नेलं. म्हणून मला मधेच कोपर आहे. या तोंडाशी उभं राहिलं की ते तोंड दिसत नाही. आणि त्या वळणामुळं माझा घसाही वेगळाच झाला. आवाज आत शिरतो, वळणावर आपटतो, घुटमळतो आणि जरा उशिरानं परत येतो. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

सुरुवातीला माझं कौतुक काय सांगू. फीत कापली, टाळ्या पडल्या. आतल्या ट्यूबलाइट अशा लखलखत होत्या की लोक डोळे बारीक करून चालायचे. उन्हाचं कोणी उगाचच येऊन उभं राहायचं, म्हणायचं, "काय गारवा आहे हो." पोरं 'ओ' करून ओरडायची आणि माझा 'ओ' परत आला की खिदळायची. मला वाटलं, झालं, जन्माचं सार्थक झालं.

मग एक ट्यूब गेली. मग दुसरी. बदलायला कोणी आलं नाही. छतातून पाणी ठिबकायला लागलं. कोपऱ्यात थुंकीचे डाग पडले, मग ती थुंकायचीच जागा झाली. आणि लोकांच्या ध्यानात आलं की आत एकटा माणूस चालला की पावलं दोघांची वाजतात.

आपण थांबलो की मागचंही थांबतं. पण लगेच नाही. एक पाऊल जास्त टाकून थांबतं.

मित्रांनो, ते पाऊल माझंच होतं. उशिरा परत येणारा आवाज, दुसरं काही नाही. पण अंधारात मानेवरचे केस उभे राहिलेल्या माणसाला हे कोण समजावणार? मला बोलता येतं ते तुमच्यासारख्या थांबून ऐकणाऱ्यांशी. पळणाऱ्यांशी कसं बोलू? बोभाटा झाला की बोगद्यात एकटं शिरलं की कोणीतरी मागं लागतं.

नुसता आवाज असता तर निभावलं असतं. पण जिथं माणसं जायची थांबतात, तिथं भलती माणसं उभी राहायला लागतात. वळणाच्या पलीकडे एकजण उभा असायचा. करायचा काही नाही. फक्त बघायचा. येणाऱ्या बाईकडे, जाणाऱ्या पोरीकडे, पायापासून वरपर्यंत. बायका यायच्या बंद झाल्या. त्यांच्या मागोमाग म्हातारे, मग सगळेच. सगळी वरून जायला लागली, दुभाजकावर चढून, गाड्यांच्या मधून वाट काढत.

आणि तो रस्ता माणसं घेतो. मी त्याच्या खाली आहे, मला सगळं ऐकू येतं. चाकांची एकसारखी घरघर, ती तर कायमचीच. मग एखाद्या दिवशी करकचून ब्रेक. मग शांतता. मग खूप पाय एकदम धावत येतात. ती मधली शांतता आहे ना, तिची मला कधीच सवय झाली नाही. नंतर रस्त्याच्या कडेला एक चप्पल पडलेली असते. एकच. जोडीतली दुसरी कुठं जाते, देव जाणे.

तर अशा दिवसांत माझ्या तोंडाशी त्या दोघी बहिणी भांडायच्या.

थोरली दुकानांच्या पाट्या रंगवायची. सगळे तिला बोर्डवाली म्हणायचे. आवाज भरदार, हाताला कायम टर्पेंटाइनचा वास. एकदा शिडीवरून पडली तेव्हापासून एक पाय अधू झाला होता. एक पाऊल टाकायची, दुसरं ओढायची. टप्, सर्रर्. टप्, सर्रर्. पुढं छापील बोर्ड आले आणि तिच्या ब्रशाला काम उरलं नाही, पण तोंडाला होतं. धाकटी पलीकडच्या दवाखान्यात आया होती. दोघींचं बाकी कोणी नव्हतं. एक खोली, एक स्टोव्ह, दोन खाटा आणि दिवसभराची कटकट.

धाकटी एकदा माझ्यातून गेली होती. वळणावर तो उभा होता. तिला म्हणाला, "घाई कसली?" बस, एवढंच. तो जागचा हललासुद्धा नाही. पण ती पुढं निघाली आणि माझ्या घशातून तिचीच पावलं तिच्या मागं आली. ती धावली, पावलं धावली. त्या दिवसापासून तिनं माझ्यात पाऊल टाकायचं सोडलं. हातात डबा घेऊन रोज दुभाजक चढायची.

माझ्या पायऱ्यांच्या वर एक चावीवाला बसायचा, कानस घेऊन. त्याच्या साक्षीनं रोजची खडाजंगी व्हायची.

"मी गाडीखाली मेले तरी चालेल ताई, पण त्या बोगद्यात नाही मरायची."

"मरायचा विषय आला कुठून? उतरायचं, चालायचं, चढायचं."

"मग तू उतर, तू चाल, तू चढ."

"मी तर जातेच. मला कोणी खाल्लं का?"

"तुला खाऊन त्याचं पोट बिघडेल."

चावीवाला कानस न थांबवता म्हणायचा, "भांडा, पण किल्ल्यांवर पाय देऊ नका. कालच एका कपाटाची चावी वाकडी केलीत."

धाकटी डबा सावरत रस्त्यात शिरायची. बोर्डवाली कठड्याला धरून उभी राहायची. बहीण पलीकडच्या कडेला पोचेपर्यंत ती श्वास घ्यायची नाही. पोचली की सोडायची. माझ्या वरच्या पायरीवर तो सुस्कारा रोज पडायचा.

शेवटी ती गेली वॉर्डाच्या ऑफिसात. तिथले साहेब बरे माणूस होते. परत येऊन तिनं चावीवाल्याला सगळं नकला करून सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, लाइटचं बघतो. पण भिंतीचं तुम्ही काय करणार?" ही म्हणाली, "माणसं रंगवणार." साहेब म्हणाले, "अहो, तिथं माणूस जात नाही हीच तर तक्रार आहे." ही म्हणाली, "म्हणून तर रंगवते. भिंतीवरची पळून जाणार नाहीत." साहेब हसले आणि सही केली. चार ट्यूबलाइट आल्या आणि गोदामात पडून असलेले रंगाचे डबे आले. झेब्रा पट्ट्यांचा उरलेला पांढरा, फूटपाथच्या कडेचा पिवळा, कठड्यांचा निळा. रस्त्याचाच रंग रस्त्याखाली आला.

तिची कामाची रीत अशी होती. जमिनीवर एक कंदील ठेवायचा. त्याच्यापुढं माणूस उभा करायचा. सावली भिंतीवर पडली की तिच्या कडेकडेनं खडू फिरवायचा, डोक्यापासून पायापर्यंत, दाबून. कोपराशी तर इतकी दाबायची की खडूचा भुगा पडायचा. रेघ पुरी झाली की खडूनं भिंतीवर दोनदा ठोकायची, टक टक, आणि म्हणायची, "झालं, हल आता." मग त्या रेघेत रंग.

पहिला उभा राहिला चावीवाला.

"सावली दिली की परत मिळते ना हो?" तो म्हणाला.

"तुमची सावली ठेवून मी काय करू? घरात जागा आहे कुठं?"

"नाक जरा कमी करा."

"सावलीला नाक नसतं. तुम्हालाच आहे. हलू नका."

मग शिंपीण आली, पोस्टमन आला, न्हावी आला, दवाखान्याचा दरवान आला. बघता बघता माझ्या दोन्ही भिंती भरल्या. आणि इथंच तिची चूक झाली.

पाट्या रंगवणाऱ्यांची एक खुबी असते. बुबुळ बरोब्बर मधोमध काढायचं आणि त्यात पांढरा ठिपका द्यायचा. मग ते चित्र कुठूनही बघा, तुमच्याकडेच बघतं. तिनं रंगवलेल्या न्हाव्याच्या पाटीवरचा माणूस रस्त्याच्या दोन्ही कडांच्या गिऱ्हाइकांकडे एकदमच बघायचा. त्यासाठीच तिचं नाव होतं. हात त्याच सवयीचा. तिनं सगळ्यांना तसेच डोळे दिले.

मित्रांनो, मी स्वतः घाबरलो. माझ्याच अंगावर एवढे डोळे. त्या ट्यूबच्या थरथरत्या उजेडात ते ओले दिसायचे. एक माणूस पिशवी घेऊन उतरला, वळणापर्यंत आला, थांबला आणि पाठ न फिरवता उलट्या पावली बाहेर गेला. चावीवालासुद्धा आत यायला कुरकुर करायला लागला. म्हणायचा, "माझाच माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याच्या तिजोरीची चावी हरवलीय."

बोर्डवालीनं धाकटीला हात धरून आणलं. ती शेवटच्या पायरीपर्यंत उतरली. तिथून पुढं एक पाऊल नाही.

"बघ," बोर्डवाली म्हणाली. "आता एकटं वाटेल का?"

धाकटी बघत राहिली. भिंती तिच्याकडे बघत राहिल्या.

"ताई, एक माणूस माझ्याकडे बघत होता म्हणून मी येत नव्हते. तू पलटण आणून उभी केलीस."

"अगं, हे आपले लोक आहेत. ही शिंपीण. हा पोस्टमन. किती चांगला आहे तो."

"चांगल्यानं बघितलं तरी ते बघणंच."

"मग काय डोळे फोडू त्यांचे?"

"मला बघणारं कोणी नकोय गं. सोबत चालणारं हवंय. जो सोबत चालतो तो आपल्याकडे नाही बघत, समोर बघतो."

एवढं बोलून ती वर गेली. थोड्या वेळानं मला तिची पावलं दुभाजकापाशी ऐकू आली. बोर्डवालीनं पांढऱ्याचा डबा उघडला. त्यात ब्रश बुडवला आणि एकेकाचे डोळे पुसत गेली.

पुढचे काही दिवस मला विचारू नका. दोन्ही भिंतींवर उभी माणसं आणि कोणालाच डोळे नाहीत. छताचं पाणी त्या पांढऱ्यावरून ओघळायचं. मी बोगदा आहे, मला डोळे मिटता येत नाहीत.

पण तिनं हार मानली नाही. जुनी चित्रं पांढऱ्यानं बुजवली आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी कंदिलापुढं आडवं उभं केलं, एक पाय पुढं, एक मागं. "चाला," म्हणायची, "पण जागेवरच." न्हावी म्हणाला, "बाई, असं चालून पोचणार कधी?" पण उभा राहिला. सगळ्या सावल्या चालत्या झाल्या. कोणाचं तोंड पूर्ण दिसत नाही. कोणाची पिशवी, कोणाची पाठ, कोणी रुमालानं मान पुसतंय, कोणी पडलेलं बटण शोधतंय. एका भिंतीवरची सगळी दवाखान्याकडे निघालेली, दुसऱ्या भिंतीवरची घराकडे. तुम्ही डाव्या हातानं चाला, कुठूनही निघा, तुमच्या बाजूची माणसं तुमच्याच वाटेनं चाललेली असतात.

आणि वळणावर तर तिनं कमालच केली. तिथं एक बाई रंगवली, जिचा मागं धरलेला हात अलीकडे आणि ती स्वतः पलीकडे. त्या हातात एका लहान मुलीचा हात. लांबून नुसती मुलगी दिसते, हात धरून वळणाआड चाललेली. कोणाचा हात धरलाय ते बघायला माणूस आपसूक वळण ओलांडतो. जिथं पाय अडायचे तिथं पाय ओढले जायला लागले.

माणसं यायला लागली, मित्रांनो. आधी चित्र बघायला, मग चित्र न बघता, नुसती जायला. मला तेच हवं होतं. इतक्या पावलांत माझं ते उशिराचं पाऊल कुठल्या कुठं बुडून गेलं. तो बघणारा एक-दोनदा येऊन उभा राहिला. पण सगळे चालत असताना एकटाच उभा असलेला माणूस लगेच नजरेत भरतो. न्हाव्यानं विचारलं, "काय हो, काही हरवलंय का?" तो जो गेला तो गेला. वर दुभाजकावर चढायची जी गुळगुळीत जागा झाली होती, तिच्यावर धूळ बसली. आणि ती ब्रेकनंतरची शांतता, ती विरळ झाली. बंद झाली असं म्हणत नाही. विरळ झाली.

यायची राहिली ती धाकटी.

वळणाच्या जरा अलीकडे, शिंपीण आणि पोस्टमन यांच्या मधे, बोर्डवालीनं एक जागा मोकळी ठेवली होती. माणूसभर उंचीची. चावीवाल्यानं विचारलं, "ही कोणाची?"

"आहे एका अडेलतट्टूची."

धाकटीला ते कळलं तेव्हा ती वरच्या पायरीवर डबा घेऊन उभी होती. "काम पुरं झालं की येईन मी. पुरं कुठं झालंय? माझी जागा तर रिकामीच आहे."

"तू उभी राहिल्याशिवाय ती भरू कशी?"

"मग राहू दे रिकामी."

"तू ना, आईवर गेलीस."

"आणि तू कोणावर गेलीस, शेजारणीवर?"

चावीवाला हसला. बोर्डवालीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ते बघून धाकटी मऊ झाली. म्हणाली, "बरं. उद्या दुपारी ड्यूटी सुटली की येते. खालून. बस?"

"शपथ?"

"शपथ नको, चहा ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्डवाली त्या मोकळ्या जागेपुढं कंदील ठेवून, खडू हातात घेऊन उभी होती. आणि वीज गेली. माझ्या सगळ्या ट्यूब एकदम विझल्या. आत होते ते दोघं-चौघं चाचपडत बाहेर पडले. तिनं कंदील लावला. पण वळणाच्या पलीकडे त्याचा उजेड पोचेना.

पलीकडच्या तोंडाशी धाकटी येऊन उभी राहिली. दिलेला शब्द पाळायला आली होती. खाली बघते तर काळामिट्ट अंधार. तिनं हाक मारली, "ताई." बोर्डवाली इकडून म्हणाली, "ये गं, दिवा आहे माझ्याकडे." पण माझा घसा कसा आहे ते तुम्हाला सांगितलंय. वळणावर आपटून त्या शब्दांचं नुसतं घोगरं काहीतरी होऊन तिच्यापर्यंत पोचलं. म्हणून बोर्डवाली तिला आणायला निघाली. कंदील तिथंच राहिला.

टप्, सर्रर्. टप्, सर्रर्.

अंधारात कोणीतरी पाय ओढत आपल्याकडे येतंय. धाकटीनं एवढंच ऐकलं. उभा जन्म जे पाऊल ऐकलं ते तिला त्या वेळी ओळखू आलं नाही. ती पळाली. वर, रस्त्यावर.

बोर्डवाली पायऱ्या चढून वर आली. पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं. आणि नंतर दरवानानं माझ्यात येऊन चावीवाल्याला सांगितलं ते असं. धाकटी घाबरून थेट रस्त्यात शिरली होती आणि मधेच थिजली होती. समोरून ट्रक येत होता. बोर्डवाली खडूचा हात वर करून रस्त्यात उतरली, जसा पोलीस उतरतो. ट्रक थांबला. ट्रकच्या आडून मोटारसायकल आली, ती थांबली नाही.

मला ऐकू आलं ते नेहमीचंच. ब्रेक. मग शांतता. मग एक हलका आवाज. एक चप्पल माझ्या पायऱ्यांवरून घरंगळत खाली येऊन पडली. एकच. मग पाय धावत आले.

कंदील आत तसाच जळत होता, मोकळ्या जागेपुढं. तेल संपलं तेव्हा विझला. चावीवाल्यानं तो आणि ती चप्पल खोलीवर धाकटीला नेऊन दिली. किल्ल्यांच्या माणसाला कुलपापुढं गप्प उभं राहायची सवय असते, पण त्या दाराशी त्याला उभं राहवेना, असं तो न्हाव्याला सांगत होता.

धाकटी मग वरूनही जाईना आणि खालूनही येईना. लांबच्या चौकातून वळसा घालणारी बस धरायची. माझ्या तोंडावरून जाताना मान दुसरीकडे करायची.

आणि मग एका दुपारी ती आली. अलीकडच्या तोंडानं. हातात तो कंदील. चावीवाला उठून उभा राहिला.

"येऊ का सोबत?"

"नको. तुम्ही तुमच्या चाव्या बघा."

ती उतरली. अशी वेळ क्वचित येते, पण त्या घटकेला आत कोणी नव्हतं. ती डाव्या हातानं चालली, भिंतीवरच्या माणसांबरोबर. मोकळ्या जागेपाशी थांबली. कंदील जमिनीवर ठेवून लावला आणि वळून आडवी उभी राहिली, एक पाय पुढं. तिची सावली त्या जागेत जाऊन बसली. खांदा कुठं कमी नाही, डोकं कुठं जास्त नाही. थोरलीनं माप न घेता जागा सोडली होती.

धाकटीनं खडू काढला आणि स्वतःच रेघ मारायला गेली. पण हात हलला की सावलीही हलते. रेघ सुटली, वाकडी गेली. तिनं तळव्यानं पुसली, परत मारली, परत वाकडी. आपली सावली आपल्याला काढता येत नाही, मित्रांनो. कधी करून बघा. शेवटी तिनं खडू कंदिलाशेजारी ठेवून दिला. हात खाली सोडले.

"ताई," ती म्हणाली, "मी उभी आहे. आता तू बघ काय ते."

आणि वळणापलीकडून आवाज आला.

टप्, सर्रर्.

आता नीट ऐका. माझा प्रतिध्वनी मी ओळखतो. जन्मापासून तो माझ्याच घशात आहे. पण त्याला आधी कोणाचं तरी पाऊल पडावं लागतं. कोणी पायच उचलला नाही तर मी परत काय करणार? ती जागेवर उभी होती. माझ्या दोन्ही तोंडांशी कोणी नव्हतं. ते पाऊल माझं नव्हतं.

टप्, सर्रर्. वळणापर्यंत आलं आणि थांबलं.

धाकटीचे खांदे वर आले. आता पळणार, मला वाटलं. ती पळाली नाही. समोरच बघत म्हणाली, "हळू ये गं. मला घाई नाही."

पाऊल पुढं आलं. आणि माझ्या भिंतीवर खडू टेकला.

मला स्पर्श कळतो. एवढ्या जणांच्या रेघा या अंगावर ओढल्या गेल्यात. डोक्यापासून सुरू झाला, मानेवरून उतरला, खांद्यावरून पाठीकडे. कोपराशी दाबला. इतका दाबला की भुगा पडला. धाकटीचे दोन्ही हात खाली होते. सावलीत मला दिसत होते. खडू पायाच्या बोटापर्यंत गेला, दुसऱ्या बाजूनं वर आला आणि जिथून निघाला तिथं पोचला.

टक टक.

धाकटी हलली. तिनं वळून भिंतीकडे बघितलं, आणि दुसरीकडे कुठंही नाही. कंदील फुंकला, उचलला आणि दवाखान्याच्या बाजूनं निघाली. सावकाश चालली. इतकी सावकाश की मागून येणाऱ्याला घाई होऊ नये.

आता ती रोज जाते, रोज येते. चावीवाल्याशी बोलते, कधीमधी भांडतेही. साहेबांनी मधे दुसरा रंगारी पाठवला होता, ती रेघ भरायला. तिनं त्याला हात लावू दिला नाही. म्हणाली, "राहू दे. तिला वेळ मिळाला की भरेल."

तर मित्रांनो, ही माझी गोष्ट. आता मी थकलोय. भिंतीवरचे रंग सोलतायत. पोस्टमनच्या पाठीवर कोणीतरी जाहिरात चिकटवलीय, शिंपिणीच्या पायाशी परत थुंकायला लागलेत. ट्यूबलाइटचं एक टोक काळं पडलंय. असंच मागं सुरू झालं होतं, एका ट्यूबपासून. भिंतीवरची माणसं वाट दाखवतात, पण स्वतःला पुसून घेऊ शकत नाहीत. ते तुमच्या हातात आहे. आणि ती वळणावरची रेघ तर नुसती खडूची आहे, एक ओला खांदा घासला तरी जायची. भिंतीला टेकू नका म्हटलं ते तेवढ्यासाठी.

उठा आता, उशीर होईल. वरून जाऊ नका, इथूनच जा. आणि वळणापाशी मागून पाय ओढल्याचा आवाज आला तर पळू नका, मागं वळून बघूही नका. फक्त चाल जरा कमी करा. तिचा एक पाय अधू आहे, तिला गाठू द्या.